स्काउट तुझ्या वाट्याला आलं म्हणून

प्रिय भाचेराव,


परवा फोनवर तू म्हणालास, "मामा, मुख्याध्यापकांनी स्काउट माझ्या गळ्यात मारलं." नव्या शिक्षकाच्या वाट्याला हे येतंच. गणिताचे तास, घटक चाचण्यांचे पेपर, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं, आणि त्यात आता हे. तुझा वैताग मला कळला. पण फोन ठेवल्यावर वाटलं, हे दोन मिनिटांत बोलून संपवण्यासारखं नाही, सवडीनं लिहावं. माझी उभी हयात वर्गात खडू झिजवण्यात गेली. त्यातला सगळ्यात सार्थकी लागलेला वेळ कुठला असं कुणी विचारलं, तर मी बोर्डाच्या निकालांआधी शनिवारच्या स्काउटच्या तासांचं नाव घेईन. माझ्या हातून घडलेली जी माणसं आज मला रस्त्यात थांबवून बोलतात, त्यातली बरीचशी त्या तासांची आहेत.

तू विचारलंस, "संचलन घ्यायचं आणि रॅलीला मुलं न्यायची, एवढंच ना?" बहुतेक शाळांत तेवढंच उरलंय, हे खरं. पाहुणे आले की स्वागताला स्काउट, प्रभातफेरी निघाली की पुढे स्काउट, २६ जानेवारीला मैदानावर स्काउट. ७ नोव्हेंबरला ध्वजाचे स्टिकर खपवायचे, वर्षाकाठी नोंदणीची रक्कम भरायची, राज्य पुरस्काराच्या परीक्षेआधी घाईघाईनं वह्या पूर्ण करून घ्यायच्या. स्कार्फला इस्त्री चोख आणि मुलाला साधी रीफ नॉट बांधता येत नाही, अशी पथकं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. तुला हे करायचं असेल तर माझ्या पत्राची गरज नाही, मागच्या वर्षीची फाईल काढली की काम भागेल.

पण तू तसा नाहीस, म्हणून लिहितो. दहा ते सतरा या वयातल्या मुलग्याला सगळ्यात जास्त कशाची भूक असते, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय, असं त्याला वाटायला हवं असतं. घरी त्याला सांगतात, तू फक्त अभ्यास कर. शाळेत सांगतात, गप्प बस. मग तो आपली किंमत दुसरीकडे शोधतो: मोटरसायकलच्या आवाजात, दहीहंडीच्या नाहीतर निवडणुकीच्या टोळक्यात, मोबाइलमध्ये. स्काउटिंग त्याला खरं काम देतं. त्याच्याकडून काम बिघडलं तर त्याच्या सहा-सात सोबत्यांची गैरसोय होईल, असं काम. आणि ते देऊन मोठी माणसं बाजूला होतात. बाकी गणवेश, सलामी, डाव्या हातानं हस्तांदोलन, हे सगळं त्याभोवतीचं. त्यात गोडी आहे, मुलांना ते आवडतंही, पण कणा तो नव्हे.

या चळवळीचा उगमच बघ. १८९९ च्या ऑक्टोबरात दक्षिण आफ्रिकेतल्या मॅफेकिंग या लहानशा गावाला बोअर फौजेनं वेढा घातला. तो २१७ दिवस चालला. आतल्या इंग्रज शिबंदीचा प्रमुख होता कर्नल रॉबर्ट बेडन-पॉवेल. माणसं अपुरी, म्हणून गावातल्या पोरांचं एक दल उभं केलं गेलं. निरोप पोचवणं, टेहळणी करणं, अशी कामं त्यांच्याकडे आली. ही मुलं आधी गाढवांवरून आणि पुढे सायकलींवरून तोफांच्या माऱ्यात निरोप घेऊन जायची. बेडन-पॉवेलच्या मनात ठसलं ते हे, की जबाबदारी टाकली तर पोरगा ती पेलतो. (त्याच वेढ्यात गावातल्या आफ्रिकी रहिवाशांचे अन्नावाचून जे हाल झाले, त्याचा दोष त्याच्याकडे जातो. तोही मोठ्या मुलांना सांगावा. कुणा एका माणसाची पूजा करण्यासाठी आपण पथक चालवत नाही.)

इंग्लंडला परतल्यावर त्यानं ही गोष्ट शांततेच्या काळात करून पाहिली. १९०७ च्या ऑगस्टमध्ये डॉर्सेटच्या किनाऱ्याजवळ ब्राउनसी बेटावर त्यानं वीसेक मुलं नेली. निम्मी ईटन, हॅरो अशा बड्या शाळांतली, निम्मी पूल आणि बोर्नमथ या गावांतल्या कष्टकरी घरांतली. त्या काळच्या इंग्लंडात ही मुलं एका बाकावरही बसली नसती. त्यानं त्यांचे चार संघ पाडले: लांडगा, बैल, डोमकावळा आणि कर्ल्यू नावाचा पाणपक्षी. खांद्यावर संघाच्या रंगाचा लोकरीचा झुपका लावला, प्रत्येक संघाला त्यांच्यातलाच एक मुलगा नायक दिला आणि त्या नायकाला सांगितलं, तुझ्या संघाचं तू बघायचंस. लाकूड तोडणं, माग काढणं, चूल पेटवणं, रात्रीचा पहारा, सगळं संघानं मिळून करायचं. पुढच्या वर्षी याच विषयावरचं त्याचं पुस्तक पाक्षिक भागांतून निघालं, आणि ते वाचून मुलांनी आपणहून संघ काढले. आधी मुलं जमली आणि मग त्यांनी गावातल्या कुणा मोठ्याला गाठून म्हटलं, आमचे मास्तर व्हा. आपल्याकडे उलटं होतं, मास्तर नेमला जातो आणि मग तो यादीतून मुलं उचलतो. तू निदान पहिला शनिवार असा ठेव, की ज्याला यायचंय तो येईल. कमी आली तरी बिघडत नाही. एक संघ सहा-आठ जणांचा, तेवढ्यावर सुरुवात होते.

आपल्या देशातली गोष्टही मुलांना सांगण्यासारखी आहे, आणि ती कुणी सांगत नाही. १९०९ मध्ये बंगळुरूला पहिलं पथक निघालं, ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. हिंदी मुलांना दार बंद. या मुलांना शिस्त आणि संघटना शिकवली तर उद्या ती कुणाविरुद्ध वापरली जाईल, ही भीती सरकारला होती, आणि ती भीती अगदीच अनाठायी नव्हती. पण आपली माणसं थांबली नाहीत. शाहजहानपूरला श्रीराम बाजपेयींनी १९१३ च्या सुमारास आपल्या मुलांचं पथक काढलं. १९१७ मध्ये ॲनी बेझंट यांनी मद्रासला हिंदी मुलांची स्वतंत्र संघटना उभी केली, डोक्याला फेटा बांधलेली. पाठोपाठ अलाहाबादला मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांनी सेवा समितीचे स्काउट उभे केले. नागपूरला व्हिव्हियन बोस या कामात पडले. ते पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, पण स्काउटिंग त्यांनी सोडलं नाही. १९३७ मध्ये बेडन-पॉवेल इथं येऊन गेले आणि हिंदी लोकांच्या चारित्र्याबद्दल असं काही बोलून गेले की देशभर संताप उसळला. १९३८ मध्ये हिंदुस्तान स्काउट असोसिएशन वेगळी झाली ती या अपमानानंतर. ज्यांना चारित्र्य नाही असं म्हटलं गेलं, त्यांनी ते काम स्वतःच्या हातात घेतलं आणि निभावलं. स्वातंत्र्यानंतर या साऱ्या संघटना एकत्र आल्या, ७ नोव्हेंबर १९५० ला भारत स्काउट्स झाली, आणि १९५१ च्या १५ ऑगस्टला मुलींच्या गाईड्स तिच्यात आल्या. तू जे स्टिकर खपवणार आहेस, त्या तारखेमागे हा इतिहास आहे. स्टिकर देताना मुलांच्या तोंडून तो लोकांना ऐकू येऊ दे.

आता कामाचं बोलतो. सगळं संघावर अवलंबून आहे. सहा ते आठ मुलं, सहावीपासून नववीपर्यंतची मिसळलेली. एका वर्गाचा एक संघ कधी करू नकोस, ते तुकडीचंच रूप होतं. एका आळीचाही करू नकोस. संघनायक तू नेमू नकोस, आणि पहिला नंबर येणाऱ्याला तर मुळीच लादू नकोस. मुलांना निवडू दे. ती चुकतील, दोन महिन्यांनी बदलतील, त्यातूनही शिकतील. सगळ्या संघनायकांची मिळून मानसभा. शिबिर कुठं न्यायचं, पथकाचा पैसा कशावर खर्च करायचा, एखाद्यानं शिस्त मोडली तर काय करायचं, हे तिथं ठरू दे. तू कोपऱ्यात बस. तुझं मत विचारलं तर सांग. मला हे सर्वांत जड गेलेलं काम. शिक्षकाचं तोंड आपसूक उघडतं.

एक मुलगा होता, एका इयत्तेत दोनदा बसलेला, शेवटच्या बाकावरचा. इंग्रजीच्या तासाला उभं केलं की मान खाली. आमच्याकडे गाठी सुरू झाल्या. क्लोव्ह हिच म्हणजे खांबाला दोर बांधायची साधी गाठ, दोन वेढे आणि त्यांच्या मधून टोक. वर्गातली हुशार मुलं पुस्तकातलं चित्र समोर धरून धडपडत होती. हा पोरगा म्हणाला, "सर, ही तर आमच्या खोंडाची," आणि बघता बघता त्यानं एका हातानं बांबूला ती घातली. दुसरा हात कासऱ्याला धरलेला असतो ना, म्हणून घरी एका हातानंच बांधायची सवय. मी म्हटलं, शिकव सगळ्यांना. तासभर तो शिकवत राहिला. चूक झाली की दोर सोडवून द्यायचा, पुन्हा बांधायला लावायचा, कुणाला हसायचा नाही, कारण हसण्यानं काय होतं हे त्याला ठाऊक होतं. पहिला येणाऱ्या मुलानं त्याला विचारलं, "ही ओली झाल्यावर सुटते का?" त्यानं विचार करून सांगितलं, "सुतळीची आवळते, नायलॉनची सटकते, म्हणून शेवटी अर्धी गाठ जादा मार." असं उत्तर मला देता आलं नसतं. त्या दिवसापासून तो वर्गातही मान वर करून बसू लागला. इंग्रजीत तो काही फार सुधारला नाही. आज त्याचा मंडपाचा व्यवसाय आहे, हाताखाली माणसं आहेत, आणि त्याच्या मंडपाबद्दल पंचक्रोशीत तक्रार नाही.

दुसरी गोष्ट शिबिरातली. वाईजवळ धोमच्या माळावर आमचा तळ होता. शिध्याची यादी प्रत्येक संघानं स्वतः करायची आणि आपली चूल आपण पेटवायची, हा नियम. एका संघाच्या यादीत सगळं होतं, तांदूळ, तूरडाळ, कांदे, बटाटे, तेल, हळद, तिखट. मीठ नव्हतं. आमटीला उकळी आली तेव्हा कळलं. माझ्या पिशवीत मिठाची पुडी होती आणि ती तिथं आहे हे त्यांनाही माहीत होतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सरपण लावत राहिलो. त्यांचा नायक आठवीतला, हट्टी आणि थोडा घमेंडी मुलगा. सकाळीच त्यानं शेजारच्या संघाची खिल्ली उडवली होती. त्यांच्या चुलीकडे जाणं त्याला किती जड गेलं असेल! आमटी उतरवून ठेवून तो गेला, बऱ्याच वेळानं परत आला तो ओंजळीत मीठ घेऊन. बदल्यात रात्रीच्या पाण्याच्या कळशा त्याच्या संघानं भरायच्या ठरल्या होत्या. सगळ्यात आधी कळशी त्यानंच उचलली.

त्याच तळावर आणखी एक घडत होतं, ते मी कुणाला मुद्दाम दाखवलं नाही. ज्या मुलांच्या घरी एकमेकांकडचं पाणी पीत नसत, ती मुलं एका टोपातली खिचडी खात होती. कुणाच्या हातची हा प्रश्नच आला नाही, कारण पाळी लागलेली होती आणि भूक लागलेली होती. यावर भाषण दिलं असतं तर त्यातली दोन मुलं नक्की बाजूला जेवली असती. तुझ्या शाळेतही वाड्या आहेत, आणि वाड्यांच्या भिंती तुला दिसतच असतील. म्हणून सांगतो, शिबिरात केटरर बोलावू नकोस. हल्ली सर्रास बोलावतात, "मुलांना भाजलं-बिजलं तर" म्हणून. काळजी घेऊन, चुलीपाशी मोठं माणूस उभं करून, पण स्वयंपाक मुलांनीच करायचा. करपलेला भात मुलं आनंदानं खातात.

'खरी कमाई' या उपक्रमाबद्दल माझं मत जरा कडक आहे. मूळ कल्पना अशी, की मुलानं गणवेश घालून ओळखीच्या घरी, दुकानात जायचं आणि म्हणायचं, मला काही काम द्या, योग्य वाटेल तो मोबदला द्या. अंगण झाडणं, सायकल पुसणं, शेंगा निवडणं, दुकानातली फळी लावणं. कार्डावर काम, रक्कम आणि सही. ते पैसे पथकाचे, त्यातून दोर, तंबू, प्रथमोपचाराची पेटी. आता बहुतेक ठिकाणी शाळेत खाद्यजत्रा भरते. आया पहाटे उठून भेळेची तयारी करून देतात, मुलं विकतात, नफा जाहीर होतो, फोटो निघतो. मुलांना हिशेब कळतो, हे मान्य. पण अनोळखी माणसासमोर उभं राहून काम मागण्यात जो संकोच मोडतो, आणि घामाची पहिली दहाची नोट हातात येते तेव्हा जे होतं, ते तिथं होत नाही. आमच्याकडे एका डॉक्टरांच्या मुलानं चांभारकाम करणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे दुपारभर चपलांना पॉलिश केलं. त्यांनी त्याला पाच रुपये दिले आणि ते देण्यासाठी आधी नीट हात पुसले. तो मुलगा त्यानंतर कुठल्याही कारागिराला "अरे" म्हणाल्याचं मी ऐकलं नाही. तेव्हा तू घरोघरचं काम चालू ठेव. आईबापांना आधी विश्वासात घे, मुलं जोडीनं पाठव आणि घरं तू आधी पाहून ठेव.

नियमांबद्दल थोडंसं. आपल्याकडे नऊ आहेत. ते पाठ करून घेऊ नकोस, पाठ होतातच. त्यांची एक खुबी मुलांच्या लक्षात आणून दे. त्यांत "खोटं बोलू नये" असं सांगितलेलं नाही. स्काउट विश्वसनीय असतो, असं म्हटलंय. जणू तो मुलगा आधीच तसा आहे, असं गृहीत धरलंय. पोरं या विश्वासाला जागतात. वचनातही "मी शक्य तितका प्रयत्न करीन" एवढंच आहे, आणि शिक्षकानं मुलाकडून तेवढंच मागावं. रोजच्या सत्कृत्याच्या डायऱ्या मात्र तपासत बसू नकोस. तपासल्या की मुलं रोज एका आंधळ्या माणसाला रस्ता ओलांडून देतात. गावात इतके आंधळे नसतात. आठवड्याला एकदा गोल करून बसव, ज्याला सांगायचं तो सांगेल.

पालकसभेत तुला विचारतील, यानं मार्क वाढतात का? वाढीव गुणांचं आमिष दाखवू नकोस. दोन अभ्यास माझ्या माहितीत आहेत, ते सांग. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी फिलाडेल्फिया भागातली सुमारे अठराशे कब, म्हणजे धाकट्या वयाचे स्काउट असलेली मुलं आणि कब नसलेली सुमारे चारशे मुलं अडीच वर्षं पाहिली. सुरुवातीला दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. शेवटी कब मुलांत आनंदी वृत्ती, मदतीची तयारी, दयाळूपणा, विश्वासार्हता, उद्याबद्दलची आशा, हे सगळं वाढलेलं दिसलं, दुसऱ्या गटात तसं दिसलं नाही. दुसरा अभ्यास २०१६ चा, एडिंबरा आणि ग्लासगो विद्यापीठांचा. १९५८ मध्ये जन्मलेल्या जवळजवळ दहा हजार ब्रिटिशांचा त्यात विचार होता. लहानपणी स्काउट किंवा गाईड असलेल्यांत पन्नाशीला चिंता आणि मनःस्थितीच्या विकारांचं प्रमाण सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी निघालं. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. गरीब घरातल्या माणसांचं मनःस्वास्थ्य श्रीमंतांपेक्षा खालावलेलं असतं, ती दरी स्काउट-गाईड असलेल्यांत दिसली नाही. अभ्यास परदेशातले आहेत, आपल्या शाळांत असं मोजलं गेलेलं माझ्या पाहण्यात नाही. पण तुझ्या वर्गातली निम्मी मुलं कुठल्या घरांतून येतात ते तुला माहीत आहे.

एक गोष्ट मात्र अजिबात हलक्यानं घेऊ नकोस. अमेरिकेतल्या बॉय स्काउट्स संघटनेला २०२० मध्ये दिवाळखोरी जाहीर करावी लागली. लहानपणी पथकांतल्या मोठ्यांकडून लैंगिक अत्याचार झाल्याचे ब्याऐंशी हजारांवर दावे तिच्यासमोर आले. जिथं मुलं मोठ्यांवर पूर्ण विश्वास टाकतात, घरापासून लांब राहतात, तिथं वाईट माणूसही वाट काढतो, आणि चळवळीचं नाव जपायच्या नादात लोक गप्प बसतात. आपल्याकडे असं होत नाही, असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस. कुठलाही मोठा माणूस कुठल्याही मुलासोबत एकटा राहणार नाही, तूसुद्धा. शिबिरात नेहमी दोन तरी मोठी माणसं, शक्यतो त्यात एक पालक. मोठ्यांचा तंबू वेगळा. आणि मुलांना पहिल्याच आठवड्यात स्वच्छ शब्दांत सांगायचं, की कुणाचं वागणं खटकलं, मग ते सर असोत की संघनायक, तर घरी आणि शाळेत सांगायचं, त्यात बेशिस्त नाही. संघनायकाच्या हातात सत्ता येते. तो लहानांना छळतो का, यावर तुझा डोळा हवाच. बाजूला राहायचं म्हणजे पाठ फिरवायची असं नाही.

तुझ्या शाळेला प्राथमिकचे वर्ग जोडलेले आहेत, म्हणजे धाकट्या मुलांचे कब आणि मुलींच्या बुलबुलही होतील. ते काम प्राथमिकच्या बाईंकडे जाऊ दे, त्यांना ते तुझ्याहून बरं जमेल. कबच्या खेळांमागची मोगली आणि अकेला यांची गोष्ट मुंबईत जन्मलेल्या किपलिंगची, आणि तिचं सिवनीचं जंगल आपल्या नागपूरच्या पलीकडे लागूनच आहे, एवढं त्यांना सांग. मुलींचं गाईड पथक नसेल तर मुख्याध्यापकांच्या मागे लाग. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या मेळाव्यात मुली बोलावल्याशिवाय आल्या होत्या. तुझ्या शाळेतल्याही येतील. आणि तुझं स्वतःचं प्रशिक्षण टाळू नकोस. बेसिक कोर्स कर, मग ॲडव्हान्स, मग हिमालय वुड बॅज. पचमढीच्या राष्ट्रीय केंद्रावर जायची संधी मिळाली तर सुट्टी टाकून जा. तिथं तुला कुणाच्या तरी संघात साधा स्काउट म्हणून राहावं लागेल, भांडी घासावी लागतील, आणि तुझा संघनायक कदाचित तुझ्याहून लहान असेल.

शेवटी तुझ्या गावाचं. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तेव्हा तू तिथं नव्हतास, पण तुझी आताची नववीतली मुलं तेव्हा लहान होती आणि त्यांनी ते पाणी पाहिलंय. माळ्यावर बसून काढलेली रात्र त्यांना आठवत असेल. "तयार" हे आपलं ब्रीद तिथं शिकवायला वेगळा धडा लागत नाही. म्हणून पहिल्या वर्षीचा उपक्रम मी तुला सुचवतो, तो रॅलीत बक्षीस मिळवून देणारा नाही. प्रत्येक संघाला आपली वाडी किंवा आळी वाटून दे. त्यांनी घरोघर जाऊन नकाशा काढायचा: एकटं राहणारं म्हातारं माणूस कुठं आहे, अंथरुणाला खिळलेलं कोण आहे, बाळंतीण कुठं, तान्ही मुलं किती, २०२१ ला पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं, कुठली वाट शेवटपर्यंत कोरडी राहिली, उंचावर कुणाचं पक्कं घर आहे आणि ते दार उघडतील का. लोक मुलांना जे सांगतात ते सरकारी माणसाला सांगत नाहीत. पाण्यात उतरायचं काम मुलांचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठणकावून सांग. त्यांचं काम माहिती ठेवण्याचं, वेळेवर दार वाजवण्याचं, दोन काठ्या आणि दोन शर्टांची डोली करून आजीला वरच्या आळीत नेण्याचं, गळ्यातल्या स्कार्फची झोळी करून मोडका हात बांधण्याचं, पाणी उकळून प्यायला लावण्याचं. नकाशाची एक प्रत नगरपरिषदेत, एक शाळेत, एक संघनायकाच्या घरी. दर वर्षी मे महिन्यात ती नवी करायची.

शाळा सुटायच्या आधी मार्च-एप्रिलचे शनिवार तुझ्या हातात आहेत, म्हणजे पाऊस लागायच्या आत हे होऊ शकतं. येत्या शनिवारी सुरुवात कर. संघनायक निवडले गेले की त्यांची नावं आणि पत्ते मला पाठव, मी प्रत्येकाला वेगळं पत्र लिहीन.

ताईला नमस्कार सांग. मामींनी कुळथाचं पीठ मागितलंय, येताना विसरू नकोस.

तुझा,
मामा